कॅरिबियनमध्ये मी मुलाला चावले

छत्तीस वर्षं मी शाळेत शिकवलं आणि त्या छत्तीस वर्षांत एकाही लेकरावर हात उगारला नाही. माझ्या निवृत्तीच्या समारंभात हे वाक्य चार वक्त्यांनी म्हटलं आणि पाचव्याने मानपत्रातून वाचून दाखवलं. वाक्य खरं आहे. माझ्या मुलाच्या, संदीपच्या, उजव्या अंगठ्याखाली जो अर्धगोल व्रण आहे तो हाताचा नाही, दातांचा आहे. त्यातले समोरचे दोन दात तर माझेही नाहीत. ते नगरच्या डॉक्टरांनी बसवलेले आहेत.

ज्यांच्या घरात साठी ओलांडलेलं माणूस आहे आणि ज्यांच्या तोंडी हल्ली ‘आईचा स्वभाव फार बिघडलाय’ असं वाक्य येऊ लागलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. स्वभाव बिघडायला अनेक वर्षं लागतात. माझा चार दिवसांत बिघडला. एवढ्या वेगाने फक्त रक्त बिघडतं.

जरा कमी

तिसगावपासून थोडं आत आमचं गाव आहे. तिथे वर्षातले निम्मे महिने टँकर येतो. मागच्या वर्षी मला रक्तदाब निघाला. डॉक्टरांनी एक गोळी दिली, तिने लघवी जास्त होते, आणि सांगितलं, “मीठ जरा कमी करा, बाई.”

मी मुख्याध्यापिका होते. परिपत्रकात ‘जरा’ नसतं. मी मीठ बंद केलं. आठ महिने अळणी भाजी, अळणी भाकरी. लोणच्याची बरणी शेजारी दिली. रक्तदाब उतरला आणि मी स्वतःवर खूश झाले.

त्याच सुमारास संदीपचा अमेरिकेतून फोन आला. तो फ्लोरिडात असतो. जहाजाने सात दिवस कॅरिबियन बेटं फिरायची, फक्त आपण दोघांनी. सून आणि नात घरी राहतील. “तू आयुष्यभर कुठं गेलीस, आई? पाथर्डी आणि नगर.” मी कोपरगावलाही गेले होते, बी.एड.ला. पण ते सांगून उपयोग नव्हता.

जहाज बारा मजली होतं. त्यावर झुंबरं होती, सोनेरी कठडे होते आणि जिन्यावर संगमरवरासारखं काहीतरी होतं जे टिचकी मारली की प्लास्टिकसारखं वाजायचं. कप्तान रोज सकाळी भोंग्यावरून आम्हाला शुभेच्छा द्यायचा. आमच्या शिक्षणाधिकाऱ्यांचा आवाज अगदी असाच होता.

जेवणाच्या टेबलावर वायान नावाचे एक इंडोनेशियन गृहस्थ आम्हाला वाढत. पन्नाशीचे, अदबशीर. बर्फाच्या पाण्याचा हा एवढा मोठा ग्लास ते समोर ठेवायचे. आता आमच्याकडे ग्लासात पाणी उरवणं म्हणजे गुन्हा. उरलंच तर ते तुळशीला किंवा भांड्यांना जातं. जहाजावर तुळस नव्हती. म्हणून मी ग्लास संपवायचे. आणि वायान यांना शिकवलं होतं की पाहुण्याचा ग्लास रिकामा दिसता कामा नये. मी संपवला की ते भरायचे, त्यांनी भरला की मी संपवायचे. दोघंही आपापल्या संस्कारांना जागत होतो.

तिसऱ्या दिवशी समुद्र खवळला आणि मी ओकायला लागले. संदीप म्हणाला, “आई, भरपूर पाणी पी.” मी प्यायले.

फोटो

खोलीतल्या टेबलावर संदीपने त्याच्या बाबांचा फोटो मांडला होता. काचेची चौकट, जाड लाकूड. “बाबापण आपल्याबरोबर फिरतील,” तो म्हणाला.

माझे यजमान सहा वर्षांपूर्वी हृदयविकाराने गेले. गावात ते गुरुजी. शिक्षक होते, पण नाव झालं ते भाषणांमुळे. तालुक्यात कुठेही सत्कार, पुण्यतिथी, वर्गखोलीचं भूमिपूजन असलं की गुरुजी पाहिजेतच. गावाच्या तोंडाशी त्यांच्या नावाची कमान उभी राहत होती आणि ती संदीप बांधून देणार होता. जहाजावरसुद्धा तो मला कमानीचे फोटो दाखवत होता. पितळी अक्षरं की सिमेंटची, यावर माझं मत विचारत होता. मी म्हणाले, दोन्ही सारखीच. सहा रात्री त्या फोटोसमोर झोपायचं होतं. मी तीन झोपले.

चौथ्या दिवशी सकाळी माझं डोकं फुटायला आलं. मी चप्पल खोलीतल्या फ्रीजमध्ये ठेवली. नाश्त्याला वायान यांना हजेरी द्यायला सांगितलं आणि ते ‘हजर’ म्हणाले नाहीत म्हणून त्यांना उभं राहायला सांगितलं. ते बिचारे उभेच होते. संदीपने त्यांची माफी मागितली आणि म्हणाला, “वय झालंय.” निदानाची ती पहिली संधी होती. ती ‘वय’ या रकान्यात गेली.

दुपार

यानंतरचं मला आठवत नाही. जे लिहिते आहे ते संदीपने सांगितलेलं आहे. तेही सहजी सांगितलं नाही.

मी दुपारी झोपले होते. पडदे ओढलेले होते. जहाजावरच्या कार्यक्रमांचं छापील पत्रक रोज दाराखालून यायचं. ते त्याने उचललं, गुंडाळी केली, आणि दिव्याचं बटण लावायला हात वर केला. अंगात बनियन. वय बेचाळीस. कपाळ, खांदे, उभं राहण्याची ढब, सगळं बापाचं.

मी उठून बसले आणि त्याच्या हाताकडे पाहिलं.

“ठेव ते खाली,” मी म्हणाले.

“काय, आई?”

“ठेव म्हनते ना! आज न्हाई. आज मी मार न्हाई खानार.”

छत्तीस वर्षं मी मुलांचं ‘न्हाई’चं ‘नाही’ करत आले. आधी स्वतःचं केलं होतं. त्या दुपारी ते सगळं पुसलं गेलं.

तो जवळ आला. मी टेलिफोन उचलून त्याच्या छातीवर फेकला. वायर ताणली गेली आणि रिसीव्हर उलटा येऊन माझ्याच गुडघ्यावर बसला. त्याने माझे खांदे धरले. ते त्याने करायला नको होतं. मी टेबलावरून गुरुजींची चौकट उचलली आणि दोन्ही हातांनी त्याच्या तोंडावर हाणली. काच फुटली. भुवई फाटली. मी थांबले नाही. तो म्हणाला की मी लाकूड हातात धरून, काच संपल्यावर नुसतं लाकूड धरून, त्याच्या दंडावर मारत राहिले. एकाच जागी, मोजल्यासारखं.

“तुजं भाशन हाय न्हवं संध्याकाळी? ये. तोंड फोडते तुजं, मंग जा भाशन द्यायला.”

“कुणाचं भाषण, आई? मी संदीप!”

“संदीप साळंत गेलाय,” मी म्हणाले. “दार लाव. त्याला आवाज जाईल.”

मग त्याने माझं मनगट पकडलं आणि मी त्याचा हात चावले. सुटायला म्हणून नाही. तो म्हणतो, मी शांतपणे चावले. दोन सुरक्षारक्षक आले तेव्हा माझा जबडा त्यांना हातांनी उघडावा लागला. रक्त माझ्या हनुवटीवर होतं आणि चादरीवर हंसाच्या आकारात घडी केलेला टॉवेल होता, त्याच्यावरही. एका रक्षकाच्या पोटात मी लाथ मारली. दुसऱ्याला उद्देशून जे बोलले ते संदीपने मला सांगितलं नाही. “मला वाटायचं तुला असले शब्द येत नाहीत,” एवढंच म्हणाला.

येत होते. मी ते तीस वर्षं ऐकले होते.

मग मला आकडी आली. हात-पाय ताठ झाले, डोळे फिरले, जीभ दाताखाली आली. संदीपला वाटलं, मी गेले.

बांधलेले हात

जाग आली ती जमैकातल्या एका रुग्णालयात. दोन्ही मनगटं मऊ पट्ट्यांनी पलंगाला बांधलेली होती. भीती म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. दुखत होतं त्याची भीती नव्हती. हात का बांधलेत, हे माहीत नव्हतं त्याची होती. माणूस स्वतःच्या नावावर काय काय मांडू शकतो याला अंत नाही. मला वाटलं, मी कुणाला तरी मारून टाकलं. आणि लाजिरवाणी गोष्ट अशी की मनात पहिलं नाव आलं त्याने मला हायसं वाटलं. ते नाव सहा वर्षांपूर्वीच मेलेलं आहे, हे नंतर आठवलं.

सिस्टर जोसेफिन नावाची एक उंच, साठीच्या आसपासची बाई पट्ट्या सोडायला आली. मी तिला इंग्रजीत विचारलं, मी काय केलं? ती म्हणाली, “काल तुम्ही मला लाथ मारलीत. डावा पाय चांगला आहे तुमचा.”

डॉक्टरांनी निदान सांगितलं. माझ्या रक्तातलं मीठ फार खाली गेलं होतं. अळणी जेवण, ती गोळी, उलट्या आणि वर बादलीभर पाणी. असं झालं की मेंदू सुजतो आणि माणूस माणसात राहत नाही. मीठ परत चढवायचं तेही हळूहळू, घाई केली तर वेगळीच इजा होते. तोपर्यंत पाणी मोजून.

ते दोन दिवस मी विसरणार नाही. टँकरच्या रांगेत जी तहान कधी लागली नव्हती ती तिथे लागली. दिवसाला मोजकेच कप पाणी. मी सिस्टरच्या हातातला ट्रे उडवून लावला. मग तिला हात जोडले, मग परत शिव्या दिल्या, यावेळी शुद्धीत आणि शुद्ध मराठीत. तिने फरशी पुसली आणि माझ्या जिभेवर बर्फाचा एक खडा ठेवला. “हा हिशेबात धरत नाही,” म्हणाली. आजारपणात देव वगैरे भेटतो असं लोक लिहितात. मला बर्फाचा खडा भेटला.

खिडकीतून लांबवर ऊस दिसायचा. बी.एड.च्या वर्षी कोपरगावला दिसायचा तसाच. त्याला माझं काही पडलेलं नव्हतं.

दार

तिसऱ्या दिवशी संदीपला आत सोडलं. डाव्या भुवईवर टाके, डोळा काळानिळा, उजवा हात बँडेजमध्ये, दंड सुजलेला.

“काय झालं रे तुला?”

“काही नाही. बाथरूमच्या दारावर आपटलो. जहाज हललं ना.”

ते वाक्य मी चांगलं ओळखते. मी त्याची लेखिका आहे. मोरीचं दार, गोठ्याचं दार, शाळेच्या कपाटाचं दार. आमच्या घरात इतकी दारं नव्हती जितक्यांवर मी आपटले. पुढचा प्रश्न येऊ नये म्हणून मागे एक कारण जोडायचं, जहाज हललं, अंधार होता, पाय घसरला, हेसुद्धा माझंच. तो ते कधी शिकला कोण जाणे. लहानपणी ऐकून ऐकून पाठ झालं असावं.

“मी मारलं तुला,” मी म्हणाले.

तो रडायला लागला. बेचाळीस वर्षांचा माणूस, नाक बँडेजला पुसत. मग सगळं सांगितलं, वर लिहिलंय ते. शेवटी विचारलं, “बाबा मारायचे?”

“हो.”

“किती?”

“मी हजेरीपट ठेवला नव्हता.”

“आई, चेष्टा नको ना आता.”

मग मी सांगितलं. हजेरीच्या रेघा मारायचा लाकडी रूळ असायचा ना, तो. तोंडावर कधीच नाही. दंड, पाठ, मांड्या. मी बारा महिने मनगटापर्यंत बाह्यांचे ब्लाउज घालायचे, मे महिन्यातसुद्धा. लोकांना तो साधेपणा वाटायचा. गुरुजी भाषणात माझ्या साधेपणाचं उदाहरण द्यायचे. एकदा ‘घर हीच पहिली शाळा’ या विषयावर तालुक्याला भाषण होतं. निघायच्या आधी धोतराला इस्त्रीचा डाग पडला म्हणून त्यांनी माझी करंगळी दाराच्या फटीत धरली आणि दार लावलं. ती अजून वाकडी आहे. त्या वेळचं ‘दारात सापडली’ मात्र शब्दशः खरं होतं. भाषण उत्तम झालं म्हणे.

“थांबलं कधी?”

“त्यांचे गुडघे गेले तेव्हा.”

संदीप उठला आणि बँडेज नसलेल्या हाताची मूठ त्याने भिंतीवर मारली. एकदा, दोनदा. मी अंग चोरलं. त्याने ते पाहिलं आणि त्याचा हात तिथेच थांबला.

“तू मला खोटा बाप दिलास,” तो म्हणाला. “मागच्या दिवाळीत मी घरी बाथरूमचं दार लाथेने फोडलं. पोरगी आत होती, आई. मला भिऊन लपली होती. मला वाटायचं, बाबांचा कधी आवाज चढला नाही आणि मी असा कसा निपजलो. एकटाच. कुणाला सांगता येईना. आणि तू फोनवर म्हणायचीस, बाबांची आठवण ठेव.”

मी त्याला वाचवायला म्हणून गप्प राहिले होते. निदान मी स्वतःला तसं सांगितलं होतं. त्यातला बराचसा भाग लाज होता.

सिस्टर जोसेफिन आवाज ऐकून आत आली. भिंत पाहिली, मूठ पाहिली, माझं तोंड पाहिलं. तिला मराठी येत नव्हतं. तिने संदीपला खुर्चीत बसवलं, मुठीवर बर्फ बांधला आणि म्हणाली, “या कुटुंबात आता कुणीही कुणाला मारायचं नाही. माझा बर्फ संपत आलाय.”

बर्फ बांधलेल्या मुठीकडे पाहत संदीप म्हणाला, “दाराचं मी घरी जाऊन पोरीशी बोलतो. रागासाठी डॉक्टरकडेही जातो.”

“जा,” मी म्हणाले. “आणि दारावर आपटलो म्हणून सांगू नकोस.”

तो डॉक्टरकडे गेला. अजून जातो. नातीने मला फोनवर सांगितलं, पप्पांनी सॉरी म्हटलं आणि नवीन दाराला आतून कडी लावून दिली. तिला वाटेल तेव्हा तिने ती लावून घ्यायची. मधूनमधून लावते, असंही म्हणाली.

गावी

मी परतले. आता भाजीत मीठ असतं, डॉक्टरांनी सांगितलं तेवढं. गोळी बदलली आहे. दर महिन्याला रक्त तपासते. तुमच्या घरातलं वयस्कर माणूस एकाएकी भांडायला लागलं, चप्पल फ्रीजमध्ये ठेवायला लागलं, तर आधी रक्त तपासा, वय नंतर तपासा. आणि मीठ-पाण्याचे निर्णय माझ्यासारखे स्वतः घेऊ नका. आमच्या भागातून आलेल्या बाईला पाण्याच्या अतिरेकाने मरायची वेळ यावी, हे तर रुग्णालयाच्या कागदावर लिहून आणलंय म्हणून लोक विश्वास ठेवतात.

कमान तयार होती. उद्घाटनाला पंधरा दिवस होते. एका सकाळी माझे धाकटे दीर, आप्पा, अंगणात येऊन बसले. कमानीची समिती म्हणजे आप्पाच.

“वहिनी, संदीपचा फोन आल्ता. म्हनतो नाव काढा दादाचं. पितळी अक्षरं हायेत, येवल्याहून करून आनल्यात. लोकं काय म्हनतील?”

“काय म्हणतील?”

“तुमी काय सांगितलं पोराला?”

“जे झालं ते.”

आप्पांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली.

“आमाला ठावं हुतं,” ते म्हणाले. “भिंत येकच हुती ना, वहिनी. आवाज यायचा समदा.”

माझ्या हातात चहाची किटली होती. ती त्यांच्या अंगावर फेकावी असं मला वाटलं. अगदी स्पष्ट वाटलं, आणि या खेपेस माझ्या रक्तात मीठ पुरेसं होतं. तीस वर्षं त्या भिंतीपलीकडे हे पाट मांडून जेवत होते. मी किटली जमिनीवर ठेवली.

“मग आला का नाहीत कधी?”

“थोरला भाऊ हुता.”

“आणि पितळी अक्षरं?”

“आता गेलेल्या मानसाचं…” त्यांनी टोपी परत डोक्यावर घातली. “चहा नगं,” म्हणाले आणि उठले.

दुसऱ्या दिवशी अक्षरं उतरवली. माझ्यासमोर उतरवली, मी सांगितलं होतं तसं. ‘गुरुजी’मधला ‘जी’ निघेना, तो छिन्नीने तोडावा लागला. उद्घाटन झालं नाही. गावात दोन-चार दिवस कुजबुज झाली. मग टँकरच्या वेळापत्रकावरून भांडण लागलं आणि कुजबुज तिकडे गेली.

कमान आहे. मधली पट्टी मोकळी पडली होती. सध्या तिच्यावर एका बोअरवेलवाल्याची जाहिरात आहे.